छापलेला दादा

ताईचं नवं पुस्तक अडलं ते डोळ्यापायी. एरवी अडून बसणारी बाई ती नव्हे. ऊन असो, गारठा असो, गोठा झाडून झाला की ती खिडकीपाशी टेबलावर बसायची आणि जेवायच्या वेळेपर्यंत उठायची नाही. गोठा दादा झाडायचा, ही गोष्ट वेगळी. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एका डोळ्यावर पट्टी आली, आणि दुसऱ्याने तसंही धड दिसत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की काही दिवस अक्षराकडे बघायचंसुद्धा नाही. आणि नेमकी त्याच आठवड्यात प्रकाशकाकडून मुद्रितं येऊन पडली. छापण्याआधीची शेवटची तपासणी. चुका बघून लगोलग परत पाठवा, असा निरोप.

वाचणार कोण? घरात माणसं दोनच, ती आणि तिचा थोरला भाऊ. बाकी एक गाय, शेळ्या आणि मधमाश्यांच्या पेट्या. त्यांच्याकडून काही अपेक्षा नव्हती.

ताई म्हणजे कोण, हे पुस्तकं वाचणाऱ्यांना सांगायला नको. तरुणपणी ती विमा कंपनीत कारकून होती. एके दिवशी नोकरीवर लाथ मारून तिने हा दगडधोंड्यांचा उतार विकत घेतला, त्यावर मातीचं घर बांधलं, आणि आपल्या हाताने पिकवून खाणं म्हणजे काय याच्यावर एक पुस्तक लिहिलं. मीठ आणि काडेपेटी सोडली तर बाहेरून काहीही न आणता माणूस जगू शकतो, असं त्यात होतं. ते पुस्तक शहरातल्या लोकांनी डोक्यावर घेतलं. पंख्याखाली बसून वाचलं, एकमेकांना वाढदिवसाला दिलं, आणि काहींनी तर खरोखरच नोकऱ्या सोडल्या. त्यातले बरेचसे दोन हंगामांत परत गेले, थोडे टिकले. टिकलेले तिला देवासारखं मानत आणि परत गेलेले त्याहून जास्त मानत. मग दुसरं पुस्तक आलं, तिसरं आलं. लोक सुट्टीच्या दिवशी गाड्या घेऊन यायला लागले. ताईला भेटायचे, घर बघायचे, आणि मग हळूच विचारायचे, "दादा कुठे आहेत? जरा बघता आलं असतं तर..."

कारण पुस्तकांमध्ये खरा जीव होता तो दादाचा. ताईच्या पुस्तकात दादा म्हणजे सुखी माणूस. कमी बोलतो, भरपूर राबतो, काही मागत नाही. वाचकांना ताईबद्दल आदर होता, पण दादावर त्यांची माया होती. तो शेळ्यांच्या मागे चालला असला की लोक लांबून बघत राहायचे, आणि बायका नवऱ्यांना कोपराने ढोसायच्या.

खरं तर दादा घड्याळं दुरुस्त करायचा. शहरात मित्राबरोबर त्याचं दुकान होतं. विहीर खणायला मदत म्हणून तो एका हंगामापुरता आला आणि राहिला. का राहिला, हे ताईने कधी विचारलं नाही. पुस्तकात मात्र लिहिलं: मातीने त्याला धरून ठेवलं.

तर मुद्रितं वाचायला दादा बसला. स्वयंपाकघरात, दुपारच्या उजेडात, चुलीकडे पाठ करून. ताई खाटेवर बसून चाचपत शेंगा सोलत होती. दोघांच्या वडिलांचा सगळा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात गेला होता, त्यामुळे मुद्रितं कशी वाचतात हे दादाला पोरवयापासून ठाऊक होतं. अक्षरन् अक्षर मोठ्याने, आणि विरामचिन्हांसकट. एका सुरात.

"या वर्षी भोपळे उशिरा धरले पूर्णविराम दादा म्हणाला स्वल्पविराम वेलाला घाई नसते स्वल्पविराम माणसाला असते पूर्णविराम," दादा वाचत होता. मग थांबून म्हणाला, "हे मी म्हणालो होतो?"

"म्हणाला असशील. पुढे वाच."

तसं सगळं पुस्तक वाचून झालं. दोन-चार काने-मात्रे सुटले होते, एके ठिकाणी ओळ खाली-वर झाली होती. शेवटचं प्रकरण राहिलं. ते ताईचं फार लाडकं होतं. लिहिताना तिला स्वतःलाच भरून आलं होतं.

"आम्ही दोघं आता इथून कुठे जाणार नाही पूर्णविराम," दादाने सुरुवात केली. "दादाला शहराची आठवणसुद्धा येत नाही पूर्णविराम खालच्या बांधाजवळची जागा त्याने स्वतः निवडून ठेवली आहे स्वल्पविराम तिथेच आम्हा दोघांना..."

आवाज थांबला. ताईने शेंग हातात तशीच धरली.

"थांबलास का?"

"पाणी पितो."

तो बाहेर गेला. हापश्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. एका माणसाला प्यायला एवढं पाणी लागत नाही, हे ताईच्या लक्षात आलं. तो परत आला तेव्हा दारातच उभा राहिला.

"छोटे," दादा म्हणाला. केस पिकले, दात पडले, तरी त्याच्या लेखी ती छोटीच होती. "एवढं एक प्रकरण छापू नकोस."

"का? चुका फार आहेत?"

"चूक एकही नाही. पण छापलं तर मला तसं करावं लागेल."

ताईला हसू आलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला मरणाची भीती वाटली असेल. "अरे, मी कुठे आजच मर म्हणतेय तुला?"

"मरायचं नाही गं. जायचंय मला."

"कुठे जायचंय?"

"शहरात. दुकानाच्या मागे एक खोली रिकामी आहे. घड्याळजी कधीपासून ये म्हणतोय." घड्याळजी म्हणजे तोच जुना मित्र. "बारीक घड्याळं आता नाही जमणार, पण भिंतीवरची मोठी जमतील. सकाळी दार उघडलं की समोर रस्ता. येणारी-जाणारी माणसं. ओळखीची नसलेली."

ताईने दाराकडे बघितलं. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता दारातला उंच काळपट आकार दिसत होता.

"मग छापण्याचा काय संबंध?" तिने विचारलं. "जायचं तर जा. पुस्तक काय तुझे पाय धरतंय?"

दादा आत येऊन बसला. कागद त्याने गुडघ्यावर नीट जुळवले. "चहाचं आठवतं तुला?"

चहाचं कोणाला आठवत नव्हतं! दुसऱ्या पुस्तकातलं ते गाजलेलं पान. दादाने एके दिवशी कपातला चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि म्हणाला, जे आपल्या जमिनीत येत नाही ते आपलं नाही. तेव्हापासून त्याने चहाला स्पर्श केला नाही. हे वाचून किती घरांत चहा बंद झाला होता, आणि किती घरांत त्यावरून भांडणं झाली होती, याची पत्रं ताईकडे पेटीभर होती.

"पावडर संपली होती," दादा म्हणाला. "दुधाच्या गाडीवाल्याला आणायला सांगितलं होतं. त्याचं येणं लांबलं, आणि तेवढ्यात तुझं पुस्तक आलं. मग त्याने आणलेली पुडी मी त्यालाच देऊन टाकली."

"काहीतरीच! मी डोळ्यांनी बघितलं होतं तुला कप उपडा ठेवताना."

"धुऊन उपडाच ठेवतात कप."

ताई हसायला लागली. दादाही थोडा हसला. मग त्याने रेडिओचं सांगितलं. पुस्तकात त्याला पाखरांच्या आवाजापुढे रेडिओ फिका वाटू लागला होता. खरं म्हणजे त्याच्या बॅटऱ्या गेल्या होत्या. मग घड्याळाचं निघालं. सूर्य असताना घड्याळ कशाला, असं पहिल्याच पुस्तकात होतं, म्हणून त्याने आपलं मनगटावरचं काढून पेटीत ठेवलं. इतकी वर्षं एका घड्याळवाल्याच्या घरात एकही घड्याळ नव्हतं, आणि येणाऱ्या लोकांना त्याचं कोण कौतुक. ताईचं हसू कधी थांबलं ते तिलाही कळलं नाही.

"अरे, पण मी खोटी ठरले असते तर ठरले असते. काय बिघडलं असतं?"

"बाबा आठवतात ना? एक अक्षर चुकीचं छापलं गेलं तर जेवायचे नाहीत. म्हणायचे, तोंडचं पुसता येतं, छापलेलं कसं पुसणार?" दादा म्हणाला. "लोक कामंधामं सोडून तुझ्या शब्दावर इथे येत होते. त्यांच्यासमोर मी चहा ढोसत बसू?"

"अजून काय?" ताईने विचारलं.

"जाऊ दे."

"दादा, सांग. अजून काय?"

बाहेर शेळीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"कंपाउंडरबाई," तो म्हणाला.

जनावरांच्या दवाखान्यातली ती कंपाउंडरबाई. सायकलवरून यायची, गुरांना लसी टोचायची. काम झालं तरी बांधावर बसून राहायची. मोठ्याने हसायची. दादा तिची सायकल उलटी करून चेन बसवून द्यायचा. चेन फार वेळा पडायची तिची, हे ताईच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं. त्याच सुमारास तिसरं पुस्तक निघालं. त्यात एक परिच्छेद होता: लग्न, संसार या गोष्टी दादाने केव्हाच बाजूला ठेवल्या, ही बाग हाच त्याचा संसार.

"ती पुस्तक घेऊन आली होती," दादा सांगत होता, त्याच मुद्रितं वाचायच्या सुरात. "त्या पानात बोट घालून. मला विचारलं, हे खरं आहे का? मी म्हटलं, छापलंय म्हणजे खरंच असणार."

"आणि?"

"आणि काय? मग ती आत आली. तू तिला सही करून दिलीस."

दिली होती. ताईला ते आठवलं. शुभेच्छांसह, असं वर लिहून दिली होती, आणि पुढच्या वर्षी तिची बदली झाली, लग्नही झालं, असं कुणीतरी सांगितलं तेव्हा बरं झालं बाई, असंही म्हणाली होती. मांडीवरचं शेंगांचं ताट तिने बाजूला ठेवलं. तिला रडायचं होतं, पण डॉक्टरांनी तेही करायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मग ती चिडली. दुसरं काही सुचलं नाही की ती चिडायचीच.

"तोंड नव्हतं का तुला? इतकी वर्षं मूग गिळून बसलास! एकदा, एकदा तरी म्हणायचंस की छोटे, हे असं नाहीये!"

"तू वाईट कुठे लिहिलं होतंस?" दादा म्हणाला. "चांगला माणूस लिहिला होतास. मी वाचायचो आणि वाटायचं, असं होता आलं तर बरंच आहे की."

लोक म्हणायचे, ताईंची नजर काय आहे, माणसाच्या आतलं बघतात. तिलाही ते खरं वाटायचं. आणि हा माणूस रोज तिच्या समोर बसून जेवत होता.

"आणि मी?" तिने शेवटी विचारलं. आवाज तिला हवा होता त्याहून बारीक निघाला. "तू गेलास तर मी काय करू?"

"म्हणून तर बोललो नव्हतो," दादा म्हणाला, आणि शेळ्या सोडायला गेला.

ताईची पट्टी निघेपर्यंत दोघं कामापुरतंच बोलले. पट्टी निघाली तेव्हा डोळा इतका लख्ख झाला होता की तिला भिंतीतल्या भेगासुद्धा मोजता आल्या असत्या. तिने पहिल्यांदा बघितलं ते दादाला. तो गोठ्याच्या शिडीवर होता. एक पाय वर ठेवायचा, गुडघा दोन्ही हातांनी धरायचा, मग दुसरा उचलायचा. पाठ वाकली होती. आपण ताज्या प्रकरणात त्याच्याबद्दल काय लिहिलं होतं ते तिला तोंडपाठ होतं: त्याच्या हालचालीत अजून पाण्याची सहजता आहे. तिची तिलाच लाज वाटली.

तिने शेवटचं प्रकरण काढून टाकलं. प्रकाशकाला तसं कळवलं, तर शेजारच्या मळ्यात त्याचा लगेच फोन आला.

"अहो ताई, शेवट नसलेलं पुस्तक मी काढू कसं? लोक पहिल्यांदा शेवटचं पान उघडतात. दादा कसे आहेत, हेच बघायचं असतं त्यांना."

"दुसरं लिहून देते," ताई म्हणाली. "थांबा जरा."

आणि मग तिने दादाला रीतसर सांगितलं. जा. माझं मी बघेन. हे सांगायला तिला किती जड गेलं हे लिहून दाखवता येणार नाही, पण सांगितलं. दादा मान हलवून म्हणाला, "जाईन की. एवढं छप्पर शाकारून होऊ दे."

छप्पर झालं. मग सरपण फोडायचं राहिलं होतं. सरपणाची रास भिंतीएवढी झाली, तर गाय गाभण आहे, ती मोकळी होऊ दे. गाय व्याली, कालवड झाली, मग हापश्याचा वॉशर. ताईला कळेना, हसावं की डोकं आपटून घ्यावं. तिने कामं एकेक करून त्याच्या हातातून काढून घ्यायला सुरुवात केली. गाय आणि कालवड शेजारच्या मळ्यातल्या नवरा-बायकोला दिली. त्यांना खालचं शेतही करायला दिलं. ती दोघं रोज सकाळी येऊन एक हाक मारून जायला तयार झाली. चार शेळ्या तेवढ्या ठेवल्या. धार काढायला ती नव्याने शिकली. पुस्तकात तिने धारेवर आठ पानं लिहिली होती, पण शेळीने ती वाचली नव्हती. पहिल्या दिवशी तिने बादली लाथाडली. दादा कुंपणाला टेकून बघत होता.

"अंगठा आत दुमड," तो म्हणाला. "आणि घाबरू नकोस, तिला कळतं."

सगळी सोय झाली. दादाची पिशवी त्याच्या खाटेखाली भरून तयार होती, हे ताईने झाडताना पाहिलं. दोन सदरे, एक गरम कपडा, आणि फडक्यात गुंडाळलेला चिमटा आणि डोळ्याला लावायचं भिंग. पिशवीवर धूळ बसली होती, आणि मग एके दिवशी ती पुसलेली दिसली. म्हणजे तो रोज काढून बघत होता. तरी जात नव्हता. विचारलं की म्हणायचा, "उद्या-परवा बघू." त्याचा जीव तिकडे होता आणि पाय इथे. आपण इथे असेपर्यंत तो आपल्याला सोडून जाणार नाही, हे ताईला कळून चुकलं. कितीही जा म्हटलं तरी ते तोंडचं होतं.

त्या माणसाला जागचं हलवणारी एकच गोष्ट या घरात होती, आणि ती कशी वापरायची हे ताईइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. वापरावी की नाही, यावर तिने बराच विचार केला. ज्या काठीने इतकी वर्षं त्याला नकळत हाकलं तीच आता जाणूनबुजून उचलायची? तिला ते पाप वाटलं. पण तो खालच्या बांधाजवळ जाऊन उभा राहायला लागला होता, पुस्तकातल्या त्या जागेजवळ, हात मागे बांधून. न छापलेलंसुद्धा तो करू लागला होता. ते बघून तिने ठरवलं.

ती खिडकीपाशी बसली आणि लिहिलं. फार खाडाखोड झाली नाही. दादा शहरात परत गेला, असं तिने लिहिलं. तो कशासाठी आला होता, किती राबला, हे लिहिलं. चहाची पुडी लिहिली, रेडिओच्या बॅटऱ्या लिहिल्या. कंपाउंडरबाईंचं नाव-गाव न घेता तेही लिहिलं, आणि मी त्याला विचारलं नाही, असं लिहिलं. शेवटी तो पिशवी खांद्याला लावून उतारावरून गेला ते लिहिलं. दुधाच्या गाडीबरोबर कागद गेले. या खेपेला मुद्रितं तिने स्वतः तपासली, दार लावून.

पुस्तक छापून आलं. पहिली प्रत नेहमीप्रमाणे दादाची. तो ती घेऊन गोठ्यातल्या बाकावर बसला. दादाची वाचायची रीत ठरलेली होती. पहिल्या पानापासून, ओठ हलवत, एकही ओळ न गाळता. दुपार झाली तरी तो उठला नाही. ताई चुलीपाशी होती. भाजी दोनदा करपली.

उन्हं कलली तेव्हा तो आला. पुस्तक त्याने टेबलावर ठेवलं, कडेला लागून, सरळ.

"छापलंस तर."

"हो."

"सगळ्यांकडे गेलं असेल?"

"दुकानांत लागलं म्हणाले."

दादा मान हलवत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर असं काहीतरी होतं जे ताईने या घरात कधी बघितलं नव्हतं. सुटका झालेल्या माणसाचं तोंड तसं दिसत असावं. "मग जायलाच पाहिजे," तो म्हणाला. "सकाळी निघतो."

"नीघ."

"एकच," तो दारातून मागे फिरून म्हणाला. "शेवटी ते, मागे वळून न बघता निघून गेला, असं आहे. ते कशाला घातलंस?"

ताईने खाली बघितलं. खरं उत्तर तिला माहीत होतं आणि ते सांगायची तिला लाज वाटली, तरी तिने ते सांगितलं. "वाक्य चांगलं झालं म्हणून."

"बरं," दादा म्हणाला. "ते अवघड जाईल. पण बघतो."

सकाळी धुकं होतं. दादाने शेळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला, हापसा एकदा मारून बघितला, ताईने दिलेली शिदोरी पिशवीत टाकली. मिठी मारायची या घराला सवय नव्हती. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, आणि चालू लागला.

ताई अंगणाच्या कडेला उभी राहिली. वाट उतरत जाते आणि खाली मोठ्या दगडापाशी वळते. तिथून पुढचं घरातून दिसत नाही. दादा हळूहळू चालला होता, गुडघा सांभाळत. मान ताठ होती. इतकी ताठ की एरवी कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, या माणसाची मान धरलीय. एका ठिकाणी तो थांबला, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, तेव्हा मान जराशी वळली, आणि त्याने ती पुन्हा समोर केली. ताईला ते स्पष्ट दिसलं. तो तिचं वाक्य पाळत होता. जन्मभर पाळत आला तसंच, शेवटचं, आणि तेही मान दुखेपर्यंत.

दगड जवळ आला. ताईने हाक मारली, आणि ती सगळ्या उतारावर ऐकू गेली.

"दादा! मागे बघ!"

तो थांबला. पण वळला नाही. पाठमोराच ओरडला, "छापलंय ना!"

"खोटं ठरू दे!" ताई किंचाळली. "मी खोटं लिहिलंय! बघ मागे!"

शेजारच्या मळ्यातली दोघं आवाज ऐकून बांधावर आली. काय झालं, कोण पडलं, असं एकमेकांना विचारू लागली. ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती नव्या डोळ्याने खाली बघत होती.

दादा वळला. पिशवी त्याने जमिनीवर ठेवली. आधी त्याने घर बघितलं, छप्पर, सरपणाची रास, शेळ्या, सगळं सावकाश. मग तिच्याकडे बघत उभा राहिला. पहिली एसटी निघून गेली, तरी तो तिथेच होता.